मुदत संपायला बावीस किलोमीटर

पाच किलोमीटर झाले तेव्हा वन्संनी चपला काढून हातात घेतल्या आणि पुलाच्या कठड्याला टेकल्या. टाच चोळत म्हणाल्या, "गाडीने इथवर यायला दहा मिनिटं लागतात."

"मग गाडीनेच यायचं होतं की," मी म्हणाले. माझी कंबर केव्हाची बोलायला लागली होती.

"बावीस किलोमीटर उरलेत. ते काय तुझ्या कंबरेवर उधळू?"

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. वय चौपन्न. दवाखान्यातल्या मळक्या चादरी लाँड्रीत नेऊन टाकायच्या आणि धुतलेल्या परत पोचवायच्या, असा त्यांचा धंदा. त्यासाठी छोटा टेम्पो आहे आणि तो त्या स्वतःच चालवतात. टेम्पोला कंपनीची वॉरंटी दोन वर्षं किंवा साठ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. दोन वर्षांना अजून चार महिने होते, पण मीटरवर एकोणसाठ हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर दिसत होते. जास्तीचे पैसे भरले तर वॉरंटी आणखी तीन वर्षं वाढते. मात्र साठ हजारांच्या आत गाडी शोरूमला नेऊन दाखवावी लागते. शोरूम घरापासून नऊ किलोमीटर, जाऊन-येऊन अठरा. म्हणजे गाडीची एकच फेरी होण्यासारखी होती. ती फेरी घालायची की नाही, हे आज पायी जाऊन ठरवायचं होतं. लाँड्रीला सुट्टी होती. टेम्पो घरापुढे उभा होता आणि चुकूनही हलू नये म्हणून वन्संनी त्याच्या चाकांना विटा लावल्या होत्या.

"बस होती," मी म्हणाले. "दर वीस मिनिटांनी."

"बसमध्ये खिडकीशी बसलं, वारा लागला, की माणूस निवतो. मला तापलेलंच पोचायचंय."

सात वर्षांत जी बाई निवली नाही, ती बसच्या वाऱ्याने काय निवणार होती! पण मी मनातल्या मनात नाम चालू ठेवलं. चालताना त्याने पायांना ताल मिळतो आणि तोंडून नको ते निघत नाही.

घरात सगळे वन्संना टाचणी म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या त्यांच्या नवऱ्यात होती. दोन कागद सुटे दिसले की या बाईचा हात शिवशिवतो. औषधाची पावती डॉक्टरच्या चिठ्ठीला, ती चिठ्ठी मागच्या चिठ्ठीला, आणि सगळ्या मिळून एका पुठ्ठ्याला. माझे सासरे म्हणायचे, "ही जन्मली तेव्हा हिने स्वतःची नाळसुद्धा दवाखान्याच्या बिलाला टाचायला लावली असेल." नाव पडायचं दुसरंही कारण आहे, पण ते ज्यांना टोचलं त्यांना विचारावं.

चौथीत असताना एका मुलीने त्यांची वही फाडली होती. वन्सं रडल्या नाहीत की बाईंकडे गेल्या नाहीत. सहावीत त्या वर्गप्रमुख झाल्या, आणि वर्षभर फळ्यावरच्या बडबड करणाऱ्यांच्या यादीत त्या मुलीचं नाव पहिलं राहिलं. घसा बसून ती आठवडाभर मुकी होती, त्या आठवड्यातसुद्धा. माझा नवरा म्हणतो, "ताई विसरत नाही. ताई थांबते."

यावेळी वन्सं ज्या माणसासाठी थांबल्या होत्या, तो शोरूममध्ये बसत होता.

दहा वर्षांपूर्वी पहिला टेम्पो घेतला तो माझ्या नंदाव्यांनी, म्हणजे वन्संच्या नवऱ्याने. गाडी तेच चालवायचे आणि वन्सं शेजारी बसून चादरींच्या पिशव्या मोजायच्या. नंदाव्यांसारखा जपणारा माणूस मी पाहिला नाही. कंपनी म्हणते, दहा हजार किलोमीटरला तेल बदला, तर हे आठ हजारांनाच बदलायचे. सुट्टीच्या दिवशी घरापुढे पोतं अंथरून गाडीखाली उताणे शिरायचे, आणि बाहेर दिसायचे ते नुसते पाय. तेल मात्र कंपनीने सांगितलेलंच, पक्क्या पावतीचं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दोन हजार आधी पाजलं तर ती काय नको म्हणणार आहे?" इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगायचे. लाँड्रीतले इतर ड्रायव्हर आपापल्या गाड्या त्यांना ऐकवायला आणायचे.

तेव्हाही वॉरंटी वाढवून घेतली होती. वाढीव मुदतीत, चौदाव्या महिन्यात, इंजिन जागच्या जागी बसलं. टेम्पो ओढत शोरूमला नेला. काउंटरवरच्या माणसाने सर्व्हिसचं पुस्तक उघडलं, आणि त्यात शिक्क्याचे दोन रकाने रिकामे निघाले. नंदाव्यांनी तेलाच्या पावत्या पुढे केल्या. माणसाने त्या बोटाने बाजूला सारल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, गाडीला जीव लावून भागत नाही, शिक्का लावावा लागतो."

रांगेतले आठ-दहा जण हसले. त्यांच्या मनात तसं काही नसेल, वाक्य चटपटीत होतं म्हणून हसले. नंदावेही हसले.

"तो हसला ते सोड," वन्सं नेहमी म्हणतात. "हे हसले गं! स्वतःलाच! लोकांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून!"

त्यानंतर नंदाव्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी भंगारात गेली. आता ते त्याच लाँड्रीत घड्या घालतात. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोन टोकं यांनी धरायची, दोन समोरच्या बाईने, आणि चार घड्यांत ती ताटाएवढी करायची. काम साधं आहे. पण प्रत्येक घडीनंतर ते समोरच्या बाईला विचारतात, "बरोबर झाली ना?" घरीसुद्धा तसंच. कुलूप लावलं की "बरोबर लागलं ना?" नळ बंद केला की "बरोबर झाला ना?" सात वर्षं आम्ही सगळे "हो, बरोबर" म्हणतोय आणि त्यांना ते पटत नाही.

वन्सं मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला गेल्या. शिकवणारा म्हणाला, "काकू, या वयात कशाला?" त्या म्हणाल्या, "एकाला पाणी पाजायचंय." त्याला वाटलं, पाण्याचा टँकर चालवणार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लाँड्रीच्या फाटकाचा डावा खांब वाकवला. तो अजून वाकडाच आहे. आत येणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याला वळसा घालून जातो, आणि वन्सं म्हणतात, "माझ्यामुळे सगळ्यांना वळण लागलं." पाच वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढली. मग स्वतःचा टेम्पो घेतला, तोही त्याच शोरूममधून. घरात एकच ओरड झाली.

"त्याच दुकानातून? डोकं फिरलंय का?"

"साप ज्या वारुळातून आला, काठी घेऊन तिथेच बसायचं असतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गावच्या वारुळापाशी बसून काय मिळणार?"

वीस महिने झाले, प्रत्येक सर्व्हिस वेळेवर. प्रत्येक शिक्का त्या उजेडात धरून बघायच्या, फिका उठला असेल तर पुन्हा मारून घ्यायच्या. आणि गेले दोन महिने गाडीचा तिसरा गिअर कण्हायला लागला होता. फार नाही, चढावर तेवढा. वन्संनी चौदा ड्रायव्हरांना विचारलं. त्यातल्या नऊ जणांनी सांगितलं की या गाडीचा गिअर बॉक्स ऐंशी-नव्वद हजार किलोमीटरांत हमखास जातो. वाढीव वॉरंटी नसली तर नव्या गिअर बॉक्सचा खर्च वन्संच्या आवाक्यातला नाही. गाडी थांबली की धंदा थांबला. दवाखान्याला रोजच्या रोज चादर लागते. एक दिवस चुकलं की ते दुसरा टेम्पो बोलावतात आणि पुन्हा तुम्हाला ओळखत नाहीत.

हे एवढं सगळं पणाला लागलं होतं. वाढीव वॉरंटी घेतली नाही तर धंदा बुडायची भीती, आणि घेतली तर ज्याने नवऱ्याला मोडलं त्याच्याच टेबलावर आपल्या हाताने पैसे ठेवायचे.

पुलावरून उठून आम्ही पुन्हा चालायला लागलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मी धीर करून विचारलं, "वन्सं, खरं सांगा, मुदत गाडीची वाढवायचीय की रागाची?"

"दोन्हीची. एका पावतीत होत असेल तर वेगळा खर्च कशाला?"

"देव बघतोय."

"बघू दे की. त्याला म्हणावं, जरा जवळून बघ."

मग थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि तुला काय वाटलं, तुला उगाच चालवतेय?"

त्यांचं खरं होतं. मी तीस वर्षं शाळेच्या कचेरीत दाखले लिहिले. कागदपत्रांचं काही निघालं की सगळं घर माझ्याकडे यायचं. सात वर्षांपूर्वी इंजिन गेलं त्या संध्याकाळी नंदावे ते पुस्तक घेऊन माझ्याकडेच आले होते. खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही बघा जरा. माझं काही चुकलं का?" मी पुस्तक चाळलंसुद्धा नाही. रिकामे रकाने बघितले आणि सांगितलं, "शिक्का नाही म्हणजे नाही हो. चूक तुमचीच." शिक्के मारण्यात माझा जन्म गेलेला. कागदावर शिक्क्याहून मोठं काही असतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी वन्सं नव्या गाडीचं पुस्तक घेऊन आल्या. "वाढवायच्या आधी यातलं अक्षर न् अक्षर मला कळलं पाहिजे," म्हणाल्या. आम्ही दोघी मराठी शाळेतल्या आणि पुस्तक इंग्रजी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरातलं. शब्दकोश घेऊन अकरा दुपारी बसलो. नवव्या दुपारी एकतिसावं पान आलं. तेल ठरलेल्या अंतराला किंवा त्याआधी बदललेलं असावं. ते बाहेर बदललं असेल, तर योग्य दर्जाच्या तेलाची पावती असणं पुरेसं आहे. अशा वेळी शिक्का नसला तरी वॉरंटी रद्द होत नाही.

मी ते तीनदा वाचलं. वन्सं उठल्या, घरी गेल्या आणि जुन्या गाडीचं पुस्तक घेऊन आल्या. त्यात तेच कलम सत्ताविसाव्या पानावर होतं. त्यांनी फक्त नंदाव्यांच्या दोन पावत्या काढून त्या पानाला टाचल्या.

चालताना त्यांनी मला बेत सांगितला. "आधी तिसऱ्या गिअरची तक्रार नोंदवायची, मुदत आहे तोवर. मग वाढीव वॉरंटीसाठी उद्या गाडी तपासायला न्यायची. त्यांचा मेकॅनिक आवाज आहे म्हणाला, तर त्यांनी गिअर आताच्या वॉरंटीत दुरुस्त करून द्यायचा. आवाज नाही म्हणाला, तर गाडी ठणठणीत असल्याचं त्यांनी लिहून द्यायचं, आणि पुढे बिघडली की वाढीव वॉरंटीत दुरुस्त करून द्यायचं."

"आणि तो माणूस?"

"त्याचं मी बघते."

शोरूममध्ये शिरलो तेव्हा आमची तोंडं भट्टीतून काढल्यासारखी झाली होती. आत काच, गारवा, नव्या रबराचा वास. तो माणूस आता वॉरंटीच्या टेबलावर बसत होता. पोट सुटलेलं, चष्मा दोरीने गळ्यात. बाकावर सात-आठ ड्रायव्हर नंबर लावून बसले होते. सर्व्हिसला वन्संची गाठ मागच्या काउंटरशीच पडायची; याने वन्संकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. मला वाटलं, एवढ्याने त्या खचतील. पण त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली.

"या ताई. साठ हजार होतायत? अगदी वेळेवर आलात," तो म्हणाला आणि त्याने रंगीत कागद पुढे सरकवला. "तीन वर्षं डोक्याला ताप नाही. इंजिन, गिअर बॉक्स, सगळं आलं."

"एक शंका होती. तेल दहा हजारांऐवजी आठ हजारांना बदललं. बाहेर बदललं. पावती आहे, शिक्का नाही. मग इंजिन गेलं. तर तुम्ही देणार का?"

त्याने मानसुद्धा वर केली नाही. "नाही. शिक्का नाही तर काही नाही. साधी गोष्ट आहे."

"एवढं लिहून द्या."

"यात लिहून काय द्यायचं, ताई?"

"साधी गोष्ट आहे ना? मग दोनच ओळी होतील. मला घरी दाखवायचंय, घरचे ऐकत नाहीत."

बाकावरचा एक टँकरवाला हसून म्हणाला, "द्या हो साहेब, घरच्यांना कागदच लागतो." साहेबांनी वैतागून पॅड ओढलं, दोन ओळी खरडल्या, सही केली आणि सवयीने वर शिक्काही मारला. वन्संनी तो कागद उजेडात धरून पाहिला. शिक्का ठळक उठला होता.

"आता पुस्तकातलं एकतिसावं पान वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. मराठीत सांगा, म्हणजे सगळ्यांना कळेल."

"चष्मा विसरलात का?"

"आणलाय. तुम्हाला लागत असेल तर देते."

बाकावर खसखस पिकली. त्याने पान उघडलं आणि हसतच वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज खाली आला. तिसऱ्या ओळीला तो थांबला.

"पुढे?" वन्सं म्हणाल्या.

तो ओठ हलवत स्वतःशीच वाचत राहिला. टँकरवाला उठून टेबलापाशी आला. "साहेब, थांबलात का? शिक्का नसला तरी काय?"

"रद्द होत नाही," तो पुटपुटला.

"काय?"

"रद्द होत नाही असं लिहिलंय."

"मग माझा पंप गेल्या वर्षी कशावरून नाकारलात?" टँकरवाल्याने टेबलावर हात ठेवला. बाकावरचे आणखी दोघे उठले. एकाने भरत आणलेला वॉरंटीचा फॉर्म घडी करून खिशात घातला.

वन्संनी पिशवीतून जुनं पुस्तक काढून उघडं ठेवलं. सत्ताविसावं पान आणि त्याला टाचलेल्या, पिवळ्या पडलेल्या दोन पावत्या. "ही सात वर्षांपूर्वीची गाडी. हेच कलम. या पावत्या तुम्ही बोटाने सारल्या होत्यात. वर माझ्या नवऱ्याला काय म्हणालात, ते या सगळ्यांसमोर बोलून दाखवू की तुम्हीच म्हणताय?"

आता त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तोंडाचा रंग आधी लाल झाला, मग उतरत उतरत धुतलेल्या चादरीसारखा झाला.

"मला... मला आठवत नाही."

"मला आठवतं. दोघांपैकी एकाला आठवलं की पुरतं."

त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं, शब्द न् शब्द, त्याच्याच सुरात. या वेळी कुणी हसलं नाही. त्याने घाईघाईने पाण्याचा ग्लास उचलला आणि अर्धं पाणी पॅडवर सांडलं. तेव्हा मात्र लोक हसले.

मला आनंद झाला, हे कबूल करते. देवाची क्षमा मागितली, पण ती घरी गेल्यावर. तिथे असताना मागावीशी वाटली नाही.

"तो कागद द्या इकडे," तो हात पुढे करून म्हणाला. "घाईत चुकून लिहिलं."

वन्संनी तोवर तो जुन्या पावत्यांना टाचून टाकला होता.

"काय पाहिजे तुम्हाला? सात वर्षांनी भरपाई नाही मिळत."

"भरपाई कोण मागतंय? मी वॉरंटी घ्यायला आलेय."

त्याला ते कळेचना. त्या टेबलावर बोट टेकवून सांगत गेल्या, "आधी तक्रार नोंदवा. तिसरा गिअर चढावर आवाज करतो. आजची तारीख घाला आणि एकोणसाठ हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर लिहा. ताकाला आलेय, भांडं लपवणार नाही. उद्या नऊला गाडी आणते, तुमच्या मेकॅनिकला कान घासून ठेवायला सांगा. आणि वाढीव वॉरंटी घेणार आहे. तीन वर्षांची. तुम्ही रिटायर कधी?"

"चार वर्षं आहेत अजून."

"वा! मग तीन वर्षं माझं तोंड बघा. दार कुरकुरलं तरी येईन. आरसा सैल झाला तरी येईन. आणि दर वेळी या बाकावर बसून शेजारच्याला एकतिसावं पान वाचून दाखवीन."

अर्ज त्यांनी तिथेच भरला. जिथे त्याची सही लागते तिथे करवून घेतली आणि जिथे लागत नाही तिथेही. त्या टाचणीखाली तो माणूस सही करतच राहिला. मागे टँकरवाला मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, ती पावती फेकली नाहीस ना? पान एकतीस!"

बाहेर गाड्या धुवायचा नळ होता. वन्संनी साडी वर धरून पाय धुतले आणि शेजारच्या ओट्यावर बसल्या. मला वाटलं होतं, आता त्यांचा चेहरा उजळेल. त्या नुसत्याच समोरच्या पाण्याकडे बघत होत्या.

"तो हसला नाही," त्या म्हणाल्या. "स्वतःवर हसायची वेळ मला त्याच्यावर आणायची होती. मेला हसला नाही."

"पुरे झालं, वन्सं. आता घरी सांगा. किती बरं वाटेल त्यांना!"

पान सापडून तीन महिने झाले, पण नंदाव्यांना त्यांनी अवाक्षर कळू दिलं नव्हतं. मला वाटायचं, राग जपून ठेवायला तसं करत असतील.

"आधीच सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, मला बरोबर ने," वन्सं म्हणाल्या. "आणि हा त्यांच्यासमोर पुन्हा नाही म्हणाला असता, तर पुन्हा मोडले असते. एकदा मोडलेले सावरतेय अजून. म्हणून आधी याच्या तोंडून वदवून घेतलं."

"मग आता हरकत काय?"

"मी नाही सांगणार." त्यांनी पदराने पाय पुसले. "माझ्यावर विश्वास नाही बसणार त्यांचा. सात वर्षं मी रोज सांगतेय, तुमचं चुकलं नव्हतं, तुमचं चुकलं नव्हतं. त्यांना वाटतं, बायको आहे, कैवार घेणारच. चूक आहे असं त्यांना सांगितलं ते दोघांनी. एक तो आत बसलाय. दुसरी तू."

माझ्याच्याने मान वर होईना.

"तुझ्यावरही डूख होता माझा," त्या शांतपणे म्हणाल्या. "जेवायला वाढताना, एकत्र हसताना, सगळा वेळ होता. तुझ्या हातात पुस्तक होतं आणि तू वाचलं नाहीस. तो तरी परका होता."

"वन्सं, काय करू मी? सांगा, करते."

"घरी चल. ते आता दुपारचे खुर्चीत बसले असतील. त्यांच्यासमोर बस. माझ्यासारखी ओरडू नकोस, तुझ्या त्या कचेरीतल्या आवाजात सांग, म्हणजे त्यांना खरं वाटेल. दोन्ही पानं दाखव आणि म्हण, तुमचं बरोबर होतं, मी न वाचता चूक म्हटलं." त्या उठल्या आणि माझा दंड धरून त्यांनी मला उठवलं. "पण सुरुवात तिथून करू नकोस. आधी त्याच्या तोंडाचा रंग कसा उतरला, ते सांग. सावकाश सांग, काही गाळू नकोस. मग तुझी चूक सांग."